तुमच्या कुत्र्यावर खरंच बंदी आहे का?

‘पिटबुलवर बंदी आली ना? मग आमच्याकडचा देऊन टाकावा लागेल का?’, ‘सोसायटीने रॉटवायलर महिन्याभरात हलवा, असे लेटरहेडवर लिहून दिले आहे’, ‘शेजाऱ्यांचा कुत्रा त्या तेवीस जातींतला आहे, तक्रार कुठे करायची?’ कुत्र्यांविषयी वाचकांचे जे प्रश्न येतात, त्यांत आता खाणेपिणे आणि लसीकरण मागे पडले आहे. चावण्याची एखादी बातमी आली की असे प्रश्न पुन्हा सुरू होतात. व्हॉट्सॲपवर जुनी यादी नव्याने फिरते, कोणीतरी ती लिफ्टमध्ये चिकटवते आणि दोन्ही बाजूंचे लोक ती कायदा म्हणून वाचायला लागतात.

म्हणून आधी कागद पाहू, मग काय करायचे ते ठरवू.

बंदीचे नेमके काय झाले?

लखनौमध्ये जुलै २०२२ मध्ये घरच्याच पिटबुलने एका वृद्धेचा जीव घेतला. त्यानंतर हा विषय पेटला आणि दिल्ली उच्च न्यायालयात गेला. धोकादायक जातींबाबत केलेल्या निवेदनावर तीन महिन्यांत निर्णय घ्या, असे न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राला सांगितले. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवले. तेवीस प्रकारच्या कुत्र्यांची विक्री, पैदास आणि पाळणे यांसाठी परवाने देऊ नका आणि जे आधीच घरोघरी आहेत त्यांची नसबंदी करा, असा त्याचा आशय होता.

हे परिपत्रक महिनाभरही धड टिकले नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली आणि १० एप्रिल २०२४ रोजी ते रद्दच केले. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचे म्हणणे ऐकलेच नाही, हा मुख्य आक्षेप होता. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकले नाही. जनतेच्या हरकती-सूचना मागवून मग पुढचा निर्णय घ्यायचा, असे ठरले.

तुमच्यापुरता याचा अर्थ असा, की मार्च २०२४ चे ते परिपत्रक दाखवून कोणीही तुमचा कुत्रा उचलून नेऊ शकत नाही, नसबंदीची सक्ती करू शकत नाही किंवा तुमच्यावर कारवाई करू शकत नाही.

यादी एकदा स्वतः वाचा

बहुतेकांनी ती वाचलेलीच नसते. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो, कॉकेशियन शेफर्ड, कंगाल ही नावे त्यात आहेतच. पण एका ठिकाणी नुसतेच ‘टेरियर्स’ असे लिहिले आहे. टेरियर हा भलामोठा गट आहे. त्यात मांडीवर झोपणारा यॉर्कशायर टेरियर येतो आणि उंदीर पकडणारा जॅक रसेलही. टोसा एकदा ‘टोसा इनू’ म्हणून येतो, पुन्हा ‘जपानी टोसा’ म्हणून अकिताच्या जोडीला. उलट, जर्मन शेफर्ड आणि डॉबरमन यांचा यादीत पत्ताच नाही.

यावरून ‘जातीला काही अर्थच नसतो’ असा निष्कर्ष काही श्वानप्रेमी काढतात, तोही मला पटत नाही. चाळीस-पन्नास किलोच्या, रुंद जबड्याच्या कुत्र्याने धरले तर होणारी जखम पॉमेरेनियनच्या चाव्यापेक्षा कितीतरी भयंकर असते, आणि त्यात लहान मूल असेल तर बोलायलाच नको. बंदीची मागणी करणाऱ्यांची भीती खोटी नाही. अडचण अमलबजावणीत येते. आपल्याकडे ‘पिटबुल’ म्हणून विकले जाणारे निम्मेअधिक कुत्रे मिश्र रक्ताचे निघाले तरी मला नवल वाटणार नाही. डोके मोठे आणि छाती रुंद दिसली की झाला पिटबुल! नुसत्या दिसण्यावरून जात कोण ठरवणार आणि त्याविरुद्ध दाद कोणाकडे मागणार, याचे उत्तर त्या परिपत्रकात नव्हते.

आदेश कोणाचा आहे, ते आधी विचारा

‘बंदी आहे’ असे कोणी सांगितले की एकच प्रश्न विचारा: कोणी घातली, आणि आदेशाची प्रत कुठे आहे?

- केंद्र: २०२४ चे परिपत्रक रद्द झाले आहे. पुढे नवा नियम आला, तर तो राजपत्रात प्रसिद्ध झालेला असेल. फॉरवर्ड झालेला फोटो म्हणजे नियम नव्हे.
- राज्य: राज्ये स्वतंत्र पावले उचलू शकतात. गोव्यात ऑगस्ट २०२४ मध्ये हणजूण येथे पिटबुलच्या हल्ल्यात एका लहान मुलाचा जीव गेला. त्यानंतर तिथल्या मंत्रिमंडळाने पिटबुल आणि रॉटवायलर यांच्यावर बंदीचा निर्णय घेतला आणि २०२५ मध्ये पाळीव प्राण्यांची पैदास व नुकसानभरपाई यांविषयीचे विधेयक विधानसभेत आणले. तुम्ही गोव्यात राहत असाल किंवा कुत्र्यासह तिथे मुक्काम हलवणार असाल, तर अधिसूचना निघाली आहे का आणि आधीपासून पाळलेल्या कुत्र्यांना कोणत्या अटी आहेत, हे तिथल्या पशुसंवर्धन खात्याकडून लेखी घ्या.
- महापालिका: परवाना हीच देते, त्यामुळे अटीही हीच घालू शकते. गाझियाबाद महापालिकेने २०२२ मध्ये पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो या तीन जातींवर बंदीचा ठराव केला होता. तुमच्या महापालिकेचा असा ठराव आहे का, हे पशुवैद्यकीय किंवा आरोग्य विभागात विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका, माहिती अधिकारात एक साधा अर्ज टाका.
- सोसायटी: हिला जात ठरवून बंदी घालण्याचा अधिकार नाही. घोळ सर्वांत जास्त इथेच होतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

एक गोष्ट इथेच वेगळी काढतो. सर्वोच्च न्यायालयाचे २०२५ मधले गाजलेले आदेश भटक्या कुत्र्यांबद्दल आहेत. तुमच्या घरातल्या, परवाना असलेल्या कुत्र्याला ते लागू नाहीत. त्या बातम्यांचे कात्रण लावून पाळीव कुत्र्याविरुद्ध नोटीस काढलेली दिसली, तर उत्तरात हे स्पष्ट लिहा.

सोसायटीची नोटीस आली तर

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये पाळीव आणि भटक्या कुत्र्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्वसाधारण सभेत बहुमत झाले, अगदी एकमत झाले, तरी पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे त्यांत म्हटले आहे. लहान कुत्रा चालेल पण मोठा नको, असा भेद करता येत नाही. कुत्रा भुंकतो एवढ्या कारणावरून त्याला बाहेर काढायला सांगता येत नाही. लिफ्ट बंद करता येत नाही आणि तिच्यासाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत. या सूचना आहेत, संसदेने केलेला कायदा नव्हे. पण उत्तर लिहिताना त्यांचा चांगला आधार मिळतो.

नोटीस हातात पडली की असे करा:

१. तोंडी बोलणे असेल तर ते लेखी मागा. ‘कमिटीत ठरलंय’ याला अर्थ नाही. कोणत्या उपविधीनुसार आणि कोणत्या सभेतल्या ठरावानुसार, ते विचारा.

२. आठवडाभरात शांत भाषेत लेखी उत्तर द्या. सोबत परवाना, रेबीज लसीकरणाचा दाखला आणि मंडळाच्या सूचनांची प्रत जोडा. पोच घ्यायला विसरू नका.

३. त्याच पत्रात तुमच्याकडून काय करणार तेही लिहा: फिरवण्याच्या वेळा, लिफ्टमध्ये आखूड पट्टा, घाण स्वतः उचलणे. लोकांची निम्मी तक्रार बहुधा या शेवटच्या गोष्टीचीच असते. मुंबईत तर घाण न उचलल्यास महापालिका दंडही करते.

४. पाणी तोडणे, पार्किंग अडवणे, दंड आकारणे असे प्रकार सुरू झाले तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे अर्ज करा.

५. विष घालण्याची किंवा कुत्र्याला मारण्याची धमकी आली तर पोलिसांत जा. प्राण्याला ठार करणे किंवा जायबंदी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे.

भाडेकरूंनी मात्र सावध राहावे. सोसायटीला बंदी घालता येत नसली, तरी घरमालकाने लिव्ह अँड लायसन्सच्या करारात ‘पाळीव प्राणी ठेवणार नाही’ अशी अट घातली असेल आणि तुम्ही सही केली असेल, तर ती तुमच्यावर बंधनकारक आहे. सही करण्याआधी ते कलम शोधा आणि खोडून घ्या. नंतर वाद घालून उपयोग होत नाही.

कुत्रा आधीपासून घरात असेल तर

कागदांची एक फाइल करा. नियम उद्या कोणताही येवो, ‘आमच्याकडे आधीपासून होता’ हे सिद्ध करणाऱ्यालाच सवलत मिळते. जगभर तसेच झाले आहे. फाइलमध्ये एवढे हवे:

- महापालिकेचा चालू परवाना. मुदत संपू देऊ नका, आणि मिळालेला बिल्ला कपाटात न ठेवता गळपट्ट्याला लावा.
- रेबीज लसीचे दाखले, सगळ्या वर्षांचे.
- मायक्रोचिपचा क्रमांक आणि तो तुमच्या नावावर नोंदल्याचा पुरावा.
- नसबंदी केली असेल तर पशुवैद्याचा दाखला. केली नसेल तर ती कधी करावी हे डॉक्टरांना विचारून ठरवा. मोठ्या जातींत वयाचा विचार करावा लागतो.
- विकत घेतल्याची पावती, प्रशिक्षकाचे पत्र, वेगवेगळ्या वयांतले फोटो.

आता मुसक्याविषयी. लोक दुकानातून कापडी, तोंड घट्ट आवळणारे मुसके आणतात आणि दुपारच्या उन्हात कुत्र्याला फिरवायला काढतात. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड करतो. तोंडच बांधले तर उन्हाळ्यात त्याच्या जिवावर बेतू शकते. जाळीचे, पिंजऱ्यासारखे मुसके घ्या. त्यात तो तोंड उघडू शकतो आणि पाणीही पिऊ शकतो. सवय हळूहळू लावा. पहिले काही दिवस बांधू नका, नुसते समोर धरा, आत उकडलेल्या चिकनचा तुकडा ठेवा आणि त्याला आपणहून नाक घालू द्या. मग क्षणभर पट्टी लावा आणि लगेच काढा. मुसके दिसले की कुत्रा शेपूट हलवत आला पाहिजे. घाईने बांधले तर पुढे आयुष्यभर झटापट करावी लागते.

पट्टा आखूड, साधा, हातात गुंडाळता येईल असा असावा. बटण दाबले की लांब होणारी दोरी मोठ्या कुत्र्यासाठी कामाची नाही; गेटपाशी मूल पळत आले तर ती वेळेवर आवळली जात नाही. लिफ्टमध्ये कोणी आधीच असेल तर पुढच्या फेरीने जा. आत असताना कुत्रा कोपऱ्यात ठेवा आणि तुम्ही दाराच्या बाजूला उभे राहा. घरकाम करणाऱ्या माणसाच्या, म्हाताऱ्याच्या किंवा लहान मुलाच्या हाती हा पट्टा कधीही देऊ नका.

राखण करायला म्हणून कुत्र्याला दिवसभर साखळीला बांधून ठेवणारे अजून आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार फार आखूड किंवा जड साखळीला फार वेळ बांधणे हा गुन्हा आहे, आणि बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे हाही गुन्हाच. शिवाय बांधून बांधून चिडलेलाच कुत्रा सुटल्यावर अंगावर जातो.

पिल्लू घ्यायच्या विचारात असाल तर

मी स्पष्टच सांगतो: पहिलाच कुत्रा, वन-बीएचके, घरात लहान मूल आणि दोघेही नोकरीला, असे असेल तर यादीतली कोणतीही मोठी जात घेऊ नका. बंदी असो वा नसो. तरीही घ्यायचीच असेल तर हे तपासा:

- २०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. नोंदणी क्रमांक मागा. ‘घरगुती पिल्ले आहेत, कशाला कागद?’ असे उत्तर आले तर तिथूनच परत फिरा.
- आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लाला भावंडांशी खेळताना आपला चावा किती जोराचा लागतो, हे शिकायला मिळत नाही.
- पिल्लाची आई पाहा. ती तुम्हाला जवळ येऊ देते का, ते बघा. आई दाखवायला नकार मिळाला तर पैसे देऊ नका.
- ‘इम्पोर्टेड ब्लडलाइन’ या शब्दांना भुलू नका. पैदाशीच्या धंद्यासाठी कुत्रे आयात करण्यावर केंद्राने एप्रिल २०१६ मध्ये निर्बंध घातले होते. तसेच, अमेरिकन पिटबुल टेरियर या जातीला जागतिक श्वानसंघटना एफसीआयची मान्यताच नाही. त्यामुळे ‘पिटबुलचे आंतरराष्ट्रीय पेपर’ असे कोणी म्हणत असेल तर पेपर कोणत्या संस्थेचे आहेत ते वाचा.
- विमा घेणार असाल तर तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेची भरपाई त्यात येते का आणि कोणत्या जाती वगळल्या आहेत, हे बारीक अक्षरांत शोधा.

चावा झालाच तर

*ज्याला चावले त्याने:* जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण पंधरा मिनिटे वाटतात त्यापेक्षा बरीच जास्त असतात. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मोफत मिळते. जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही लागते, ते विचारा. कुत्र्याचे लसीकरण झाले आहे म्हणून स्वतःची लस टाळू नका. डॉक्टरांकडून जखमेचा दाखला घ्या, जखमेचे आणि जागेचे फोटो काढा, सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवायला सोसायटीला लेखी कळवा. ते काही दिवसांत आपोआप पुसले जाते.

पोलिसांत तक्रार करताना जातीवर भर देऊ नका. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ जात विचारत नाही. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली होती का, एवढेच ते विचारते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, तेव्हा ‘एनसी (अदखलपात्र नोंद) करून घ्या’ यावर समाधान मानू नका. गंभीर दुखापत झाली असेल तर कलम १२५ लागू शकते, मृत्यू झाला तर १०६. म्हणून तक्रारीत पट्टा होता का, कुत्रा कोणाच्या हातात होता, पूर्वी असे घडले होते का आणि मालकाला ते सांगितले होते का, हे लिहा.

मुंबईतली दोन उदाहरणे पाहा. २०१० मध्ये रॉटवायलर चावल्याच्या प्रकरणात मालकाला २०२३ मध्ये तीन महिन्यांची शिक्षा झाली. वरळीत लिफ्टमध्ये शेजाऱ्याला चावा घेतल्याच्या प्रकरणात २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची झाली, आणि तो कुत्रा होता हस्की, जो त्या तेवीसांत नाहीच. निकाल लागायला लागलेली वर्षेही लक्षात घ्या. नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा वेगळा करावा लागतो. औषधोपचाराचा खर्च समजुतीने, लेखी करारावर मिळत असेल तर तो मार्ग आधी पाहा.

‘दाताच्या प्रत्येक खुणेला दहा हजार’ हा मेसेजही फिरतो. तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२३ च्या निकालावरून आला आहे. तो निकाल भटक्या जनावरांबद्दल आणि तिथल्या सरकारांच्या जबाबदारीबद्दल आहे. शेजाऱ्याकडे त्या हिशेबाने पैसे मागू नका.

*ज्याचा कुत्रा चावला त्याने:* पळून जाऊ नका आणि कुत्रा गावी पाठवू नका. चावल्यानंतर दहा दिवस तो नजरेखाली असणे जखमी माणसाच्या उपचारासाठी गरजेचे असते. लसीकरणाचा दाखला लगेच दाखवा आणि दवाखान्यात सोबत जा. जुलै २०२५ मध्ये मानखुर्दला रिक्षात बसलेल्या मुलावर पिटबुल धावून गेला आणि मालक हसत बघत राहिला. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली, गुन्हाही दाखल झाला. बंदीच्या मागणीला असे मालक जेवढे बळ देतात, तेवढे कुत्रे देत नाहीत.

परदेशी जाताना

मुलाकडे किंवा नोकरीनिमित्त परदेशी जाताना कुत्रा नेणार असाल तर तिकिटाआधी त्या देशाची यादी पाहा. ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याने पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो यांवर बंदी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ फेब्रुवारी २०२४ पासून एक्सएल बुलीही सूट-प्रमाणपत्राशिवाय पाळता येत नाही. तिथे कागदावरच्या नावापेक्षा कुत्र्याची शरीरमापे पाहिली जातात, त्यामुळे भारतातल्या दाखल्यावर ‘मिश्र जात’ लिहिले आहे म्हणून निश्चिंत राहू नका. विमान कंपन्यांच्या याद्या आणखी वेगळ्या असतात.

ठेवणे शक्यच नसेल तर

बदली, आजारपण, घरात आलेले बाळ, कारणे खरी असतात. पण महामार्गावर किंवा दुसऱ्या वस्तीत कुत्रा सोडून येणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे, हे वाचून हसू येईल. पण सोडलेला कुत्रा कोणाला चावला आणि मायक्रोचिपवर तुमचे नाव निघाले, तर प्रकरण पन्नास रुपयांवर मिटणार नाही.

आधी पिल्लू दिलेल्या माणसाला विचारा, मग तुमच्या पशुवैद्याला. घर शोधणारे आणि घर देणारे दोघेही त्यांच्याकडेच येत असतात. आश्रयगृहाकडे जाणार असाल तर आधी जागा पाहून या, कारण मोठ्या जाती घ्यायला अनेक जण नकार देतात आणि जे लगेच हो म्हणतात त्यांच्याकडे पिंजऱ्यात किती कुत्रे आहेत ते बघायला हवे. ‘फुकट देणे आहे’ अशी जाहिरात करू नका. पिटबुलची झुंज लावणारे आणि पैदास करणारे अशाच जाहिरातींवर टपून असतात. नसबंदी करून मगच द्या. देताना साध्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या, चावल्याचा पूर्वेतिहास असेल तर तो त्यात लपवू नका, आणि परवाना व मायक्रोचिपची नोंद नव्या मालकाच्या नावावर झाल्याची प्रत हातात आल्याशिवाय तुमची फाइल फाडू नका.